ह्यांच्या गाण्यातली बाई

ऊस वाहणारे ट्रॅक्टर रस्त्याला लागले की मला आजही आधी राग येतो आणि त्याचं कारण नंतर आठवतं. परवापासून पुन्हा सुरू झालेत. मागं दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर असले दांडगे स्पीकर की हा ऊस वाहायला निघालाय की गाणी, असा प्रश्न पडावा. निमोण्यात रस्त्याला लागूनच आमची पिठाची गिरणी आहे. वळणावरून आधी गाणं येतं, मग ट्रॅक्टर येतो, आणि सगळ्यात शेवटी धूळ येऊन माझ्या पिठावर बसते. सकाळची थंडी, कुठंतरी पाचट पेटवल्याचा धूर, वारा फिरला तर मळीचा आंबूस वास. हंगाम सुरू झाला हे मला कॅलेंडर बघून कळावं लागत नाही.

तीनेक वर्षांपूर्वीच्या हंगामात ह्याच ट्रॅक्टरांवर आमच्या ह्यांचं गाणं वाजत होतं. गावात बाकीच्या बायका कौतुक करत होत्या आणि मी आतल्या आत जळत होते, कारण त्या गाण्यात एक बाई होती आणि ती मी नव्हते.

हे म्हणजे आमचे यजमान. वाढले दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरात. आबा, म्हणजे माझे सासरे, लोकोशेडात होते. शेजारी एक ख्रिस्ती मामा राहायचे, त्यांच्याकडं गिटार होती, आणि ह्यांना शाळेपेक्षा त्या मामांच्या ओट्यावर जास्त करमायचं. आबा रिटायर होऊन सगळे निमोण्याला शेतावर परत आले, तेव्हा मामांनी दिलेली एक जुनी गिटारही सामानात आली. लग्न झाल्यावर मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, छंद. दुसऱ्यांचे नवरे पत्ते खेळतात आणि माझा गिटार वाजवतो, म्हणून मी थोडे दिवस मिरवलंसुद्धा. नोकरी शिरूरकडच्या एका कंपनीत, प्रेसवर. पत्र्याची शीट आत जाते, वरून घण घातल्यासारखा दणका बसतो, आणि खाली गाडीचा कुठलासा भाग पडतो. दिवसभर तेच. त्या खात्यातल्या चौघांनी मिळून बँड काढला आणि नाव ठेवलं 'पत्रा'. खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असते, त्या दिवशी हे लोक पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाजले. साहेबांनी आधी कानावर हात ठेवले आणि मग टाळ्या वाजवल्या म्हणे. कोणीतरी ते मोबाईलवर घेऊन यूट्यूबला टाकलं, तिथून ते ट्रॅक्टरवाल्यांना सापडलं.

रॉक म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. मला कळलं ते एवढंच, की गाणाऱ्याला राग आलेला असतो आणि वाजवणाऱ्यांना त्याचं म्हणणं पटलेलं असतं. आमच्याकडं गाणं निघतं ते कोणाच्या वाढदिवसाला, नाहीतर निवडणुकीला. त्यात ठळक नाव असतं, नावापुढं दादा नाहीतर भाऊ असतं, आणि गाणं कोणी काढायला लावलं ते लहान पोरालाही सांगता येतं. नाव न घालता, हौसेखातर, कोणी गाणं काढतं यावर आमच्या गावाचा विश्वास नाही. माझाही नव्हता. गाणं हे असं होतं:

चिमण्या नेल्यास, मी गप्प राहिलो
कुकरची शिट्टी नेलीस, मी गप्प राहिलो
पत्र्यावरचा पाऊस अर्धा नेलास
अर्धा ठेवलास, उपकार झाले

आता उंबऱ्यात उभी, चपला हातात
जायचं तर जा, मी अडवत न्हाई
पण अशी चोरपावलांनी नको
दार आपटून जा, बाई, दार आपटून जा

मी शिरूरच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालेली आहे. कवितेचं रसग्रहण करा, हा प्रश्न मी कधी सोडला नाही. कवीच्या मनातली हुरहूर, प्रतिमांचं सौंदर्य, सगळं पानभर लिहायचे. पण ते कवी लांबचे होते. कवी आपल्याच घरात भाकरी मोडत समोर बसलेला असला की त्याचं रसग्रहण कसं करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्रतिमांच्या सौंदर्याकडं माझं लक्षच गेलं नाही. नेल्यास, नेलीस, नेलास. ही कोण नेणारी? आणि ह्यांच्या घरातून ती इतकं सगळं नेईस्तोवर मी कुठं होते?

"कोण हो ही?" मी विचारलं.

"कोण?"

"गाण्यातली."

"गाण्यातलीच," असं म्हणून हे हात धुवायला उठले. ताकास तूर लागू दिली नाही.

एकदा मनात पाल चुकचुकली की मग माणूस जुनं जुनं उकरून बघतो. ह्यांचा फोन. पूर्वी तो फळीवर पडलेला असायचा, कोणीही उचलायचा. आता तो सदऱ्याच्या खिशात, छातीला लागून, आणि रिंग बंद, नुसता थरथरणारा. फोन आला की हे बाहेर जायचे, आणि बाहेर जाऊनसुद्धा बोलायचे नाहीत, मेसेज टाइप करत उभे राहायचे. ज्या माणसाला आयुष्यात चार ओळी लिहायचा कंटाळा, तो आता अंगणात उभा राहून टाइप करतो. मग झोपायची बाजू बदलली. लग्नापासून हे भिंतीकडं आणि मी दाराकडं. एक दिवस म्हणाले, मी इकडं झोपतो. का? तर काही नाही, गरम होतं. डिसेंबरात.

केंदूरला माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. तिथं तर हद्द झाली. जी कोणी बाई बोलायला येईल तिच्या तोंडाकडं हे टक लावून बघायचे. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. माझी भावजय तर बोलता बोलता थांबली आणि तिनं पदर सारखा केला. सगळे हसून झाल्यावर हे हसायचे, एका श्वासाच्या अंतरानं, मन दुसरीकडं असल्यासारखे. मी परत येताना बसमध्ये तोंड फिरवून बसले होते. ह्यांनी काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही.

आणि गिरणीतली गोष्ट तर मला भुताटकीच वाटायची. गिरणी चालू असली की त्या घरघरीत शेजारच्या बाईचं बोलणं मला कळत नाही, आणि मी जन्म तिथं काढलाय. हे पहिल्या पाळीवरून आले की दारात उभे राहायचे, आणि संध्याकाळी मला सांगायचे, आज सिंधूताईचं सुनेशी वाजलंय, किंवा कदमांची म्हैस व्यायली. बायका हे आपसात, गिरणीच्या आवाजात बोललेल्या असायच्या. ह्यांना कोणी सांगितलं? म्हणजे त्यातली कोणीतरी नंतर ह्यांना भेटून सगळं सांगत असणार. मी एकेकीचा चेहरा बघत दळण घालायचे. पीठ जाड पडायला लागलं, तशा बायका कुरकुरायला लागल्या.

आता हे लिहिताना बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. त्यावर हिंदी काहीतरी होतं, बेवफा वगैरे. ते बरं असतं, त्यात शोधायचं काही नसतं.

भोगीच्या आदल्या दिवशी गिरणीत बाजरीची रांग असते. तीळ लावून भाकरी करायची म्हणून अख्खं गाव बाजरी घेऊन येतं. त्या वर्षी रांगेतल्या बायकांना विषय तयारच होता, कारण सकाळपासून तीन ट्रॅक्टर तेच गाणं लावून गेले होते. वीज गेली, गिरणी थांबली, तरी बायकांचे आवाज गिरणीच्याच पट्टीत राहिले. आमच्याकडं असंच होतं. सगळं रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं.

"मला तर त्या कुकरचं कळंना," सिंधूताई म्हणाल्या. ह्या आमच्या शेजारच्या, वयानं मोठ्या, आणि गावात कोणाच्या घरात काय शिजलं हे वासावरून सांगणाऱ्या. "चिमण्या घेऊन गेली, ते गाण्यात असतंय. कुकरची शिट्टी कोण घेऊन जातंय?"

"जिच्या कुकरला शिट्टी न्हाई ती," दुसरी म्हणाली.

बायका खरोखर विचार करायला लागल्या. कोणाची शिट्टी हरवली, कोणी शिरूरच्या बाजारात नवी घेतली, कोण कुकर असून पातेल्यात भात करतं. माझ्या देखत, माझ्या गिरणीत, माझ्या नवऱ्याच्या गाण्याचा असा तपास चालला होता, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. मीच सगळ्यात जास्त कान देऊन ऐकत होते. शेवटी निघालं ते शारदेचं नाव. शारदा म्हणजे गावात ब्लाऊज शिवते ती. एकटी राहते, हसून बोलते, आणि तिच्या घरातून बरेच दिवसांत कुकरचा आवाज आलेला नाही, अशी तिच्या भिंतीला भिंत असलेल्या बाईनं साक्ष दिली.

रात्रीचं जेवण आबांसमोर वाढलं, तर त्यांचा तपास वेगळाच चालला होता. आबांना प्रत्येक गोष्टीत ग्रामपंचायत दिसते. ते म्हणाले, "ह्यो उद्योग बंद करायला सांग त्याला. सरपंचबाईच्या मालकानं मला पारावर गाठलं व्हतं. म्हणला, आबा, गाणं कुणी काढायला लावलं?"

"सरपंचबाईंचा काय संबंध?"

"ऐक की नीट. पत्र्यावरचा अर्धा नेला. समाजमंदिराचे पत्रे अर्धे कुठं गेले, समद्या गावाला म्हाईत हाय. आन् उंबऱ्यात उभी, चपला हातात, म्हंजी काय? बाई पार्टी बदलतीय."

"आन् चिमण्या?"

"चिमण्या म्हंजी मतदार," आबा म्हणाले आणि भात कालवायला लागले.

ह्यांचा भाचा पुण्याला शिकतो, त्याला मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, मामी, सरळ आहे, पर्यावरणाचं गाणं आहे, चिमण्या गेल्या, पाऊस अर्धा झाला, पृथ्वी आपल्याला सोडून चालली. मी म्हटलं, आणि कुकर? तो म्हणाला, गॅसची बचत. ज्याला ज्याची भीती, त्याला गाण्यात तेच सापडत होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळलं म्हणून भीती काही कमी होत नाही. आबांची सरपंचबाई आबांना लखलाभ, मला माझी बाई शोधायची होती.

मी ब्लाऊजपीस घेऊन शारदेकडं गेले. माप देता देता स्वयंपाकघराकडं मान लांब करून बघत होते. कुकर ओट्यावर पालथा होता. शिट्टी दिसली नाही.

"शिट्टी बघताय व्हय वहिनी?" शारदा टेप माझ्या दंडाला लावत म्हणाली. "तुम्ही पाचव्या. परवापासनं समद्या गावाला ब्लाऊज शिवायचे सुचलेत." तिनं टेप गुंडाळला, आत गेली, फडताळातून शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. "रबर गेलंय कुकरचं. आन् खरं सांगू का, भाऊजींचं गाणं मी ऐकलंय. त्यात चोरी करणारी बाई हाय, पण प्रेम करणारी न्हाई वाटत. प्रेमाच्या बाईला कुणी दार आपटून जा म्हणत न्हाई. हळूच जा म्हणत्यात, कुणाला कळाय नको म्हणून."

हे माझ्या बी. ए.च्या डोक्यात यायला हवं होतं, पण रागात अक्कल गहाण पडलेली असते. दार आपटून जा. त्या ओळीनं मला नंतर झोपू दिलं नाही. चोरून जाणाऱ्या बाईला हा माणूस आवाज कर म्हणून विनवतो का? लपवायचं असतं त्याला आवाज नको असतो. पण ह्यांचं काहीतरी लपवणं चालू होतं हेही नक्की. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते दौंडलाच मुरत होतं असं माझ्या मनानं घेतलं, कारण दर रविवारी हे सरावाला म्हणून दौंडला जायचे. ते ख्रिस्ती मामा आता नाहीत, पण रेल्वे कॉलनीत त्यांच्या घरामागं एक खोली होती, ती ह्यांना वाजवायला मिळाली होती. दौंडला कंपनी नाही, शेत नाही, आता आमचं घर नाही. तरी हा माणूस न चुकता जातो, आणि येताना खुशीत येतो.

एका रविवारी ह्यांच्या मागून मी निघाले. आबांना सांगितलं, पाटसला मैत्रिणीकडं जाते. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून पाटस, तिथून दौंड. सगळ्या रस्त्यानं उसाच्या गाड्या. पाटसच्या अलीकडं तर एवढी लांब रांग होती, की आमची एसटी त्यांच्या मागं मुंगीच्या पावलानं सरकत होती. खिडकीतून ऊस तोडणाऱ्या टोळीच्या पाचटाच्या कोप्या दिसत होत्या, बाहेर चुली, दोरीवर वाळत टाकलेली लुगडी. माझ्या मनात चाललेलं सांगते. मी त्या बाईला काय बोलायचं ते ठरवत होते. वाक्यं तयार केली होती, आणि ती चांगली होती. कुठल्या वाक्याला आवाज चढवायचा आणि कुठल्या वाक्याला नुसतं बघायचं, इथपर्यंत तयारी होती. आणि सगळ्या वाक्यांच्या खाली एकच प्रश्न होता, की खरंच जर कोणी निघाली तर मी परत कुठल्या घरात जायचं?

कॉलनीत खोली सापडायला वेळ लागला नाही, आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी दारापाशी पोचले आणि गाणं संपलं. दार उघडंच. आत बाई नव्हती. चौघं पुरुष, आणि वायरींचं जंजाळ. हे दाराकडं पाठ करून एका उलट्या क्रेटवर बसले होते. एक चप्पल काढलेली, अनवाणी पाऊल स्पीकरच्या खोक्यावर दाबून धरलेलं, आणि हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकलेली. तार पिळत होते, एवढंच. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही घेत नाही. मी दारातून म्हणाले, "अहो."

तिघांनी माना वळवल्या. दोघं तर लग्न झालेले होते, सवयीनं वळले असतील, पण तिसरा पिंटू, ड्रमवाला, उत्तर प्रदेशातला, त्याचं तर लग्नही झालेलं नव्हतं. तोसुद्धा वळला. ज्यांना मी हाक मारली होती ते तेवढे तार पिळत राहिले.

मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. "अहो."

पिंटू उठला, ह्यांच्या समोर आला, खांद्याला हात लावला आणि बोटानं मागं दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की जणू त्यानंच काहीतरी फोडलं होतं. हे वळले. मला बघितलं आणि हळूच गिटार खाली ठेवली.

तेवढ्या वेळात माझा सगळा हंगाम माझ्या डोळ्यांपुढून गेला. खिशातला थरथरणारा फोन, कारण रिंग ऐकू येत नव्हती. अंगणातले मेसेज, कारण फोनवर कोणाचे ओठ दिसत नाहीत. उशीवरची बदललेली बाजू, कारण एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा बरा होता. भावजयीच्या तोंडाकडं लागलेली टक. आणि गिरणीच्या घरघरीत बायकांचं बोलणं जिथं कोणालाच कळत नाही, तिथं ह्यांना कळत होतं, कारण हे ते ऐकतच नव्हते, बघत होते. मी ठरवून आणलेली वाक्यं सगळी फुकट गेली. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

स्टेशनासमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही बाकावर बसलो.

"कवापासनं?" मी विचारलं.

"पयल्यांदा चिमण्या गेल्या," हे म्हणाले. "मला वाटलं, दारातलं झाड पाडलं म्हणून गेल्या असत्याल. मग एक दिवस तू म्हणलीस, कुकर झाला, बंद करा. म्हणलं, शिट्टी कुठं झाली? तू म्हणलीस, चार झाल्या. तवा कळलं."

"आन् मला सांगितलं न्हाई."

ह्यांनी चहा बशीत ओतला.

"त्या पिंटूला म्हाईत हाय. समद्या बँडला म्हाईत हाय. ट्रॅक्टरवर गाणं वाजतंय त्याचं. आन् मला म्हाईत न्हाई."

"पिंटूकडं बघून ताल धरावा लागतो. त्याला सांगायलाच लागलं."

"माझ्याकडं बघून काईच धरावं लागत न्हाई व्हय?"

हे माझ्या तोंडाकडं बघत होते. मला ते सहन होईना. मी मुद्दाम तोंडाला पदर लावला आणि पदराआडून जे मनात होतं ते बोलत सुटले, चांगलं-वाईट सगळं. चहावाला दुसरीकडं बघायला लागला. हे हात पुढं करून म्हणाले, "पदर काढ. मला ऐकू येत न्हाई."

मी पदर काढला.

"मशीनवरनं काढतील, ही एक भीती व्हती," हे म्हणाले. "प्रेसवर बहिरा माणूस ठेवत न्हाईत, धोका असतोय. पण ती काय एवढी मोठी न्हाई. तुला सांगितलं असतं, तर तू वरडून बोलाया लागली असतीस. तू माझ्याशी हळू बोलतीस ते मला आवडतंय. जेवढं उरलंय तेवढं पुरवून ऐकत व्हतो."

"मग गाण्यात बाई कशाला घातली?"

"उंबऱ्यात उभी हाय ती तूच की. तुझा आवाज. बाकी समदं नेलंय, त्यो एकच उरलाय."

हे आधीपासून मनात होतं, की माझा चेहरा बघून तिथं बाकावर सुचलं, याबद्दल मला आजही शंका आहे. गाणी करणाऱ्या माणसाला ऐनवेळी काहीही सुचतं. पण मी त्या दिवशी ते धरून ठेवलं, कारण धरायला तेवढंच होतं. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो, आणि बऱ्या कानाच्या बाजूला मी बसले. उसाच्या रांगेत गाडी पुन्हा अडकली, तेव्हा पहिल्यांदाच मला घाई नव्हती.

लोक म्हणतील, उगाच संशय घेतलास. मी म्हणते, उगाच कसा? माझ्या घरातून काहीतरी चाललं होतं, माझ्या पाठीमागं चाललं होतं, आणि चौघांना ते माहीत होतं. मी संशय घेतला नसता, तर अजूनही हे आपले हसतायत म्हणून मीही हसत राहिले असते. संशयी बाई निदान बघते तरी.

पुढं डॉक्टरांकडं गेलो, तपासण्या झाल्या. दोन्ही कान, आणि गेलेलं परत येत नाही. कंपनीत सांगितलं, त्यांनी प्रेसवरून काढून पॅकिंगला घेतलं. तिथं दणका नाही, तर ह्यांना करमत नाही. कानाला मशीन आलं. मशीनचं असं आहे, की ते गिरणीची घरघर, ट्रॅक्टर, भांडी, माणसं, सगळं एकाच पातेल्यात ओततं, म्हणून घरी आले की हे ते काढून फळीवर ठेवतात. आणि मी ओरडून बोलायला लागले. ह्यांना ज्याची भीती होती नेमकं तेच. आज आमच्याकडं भाजी कुठली आहे, मीठ कमी पडलंय का, हे शारदेच्या घरापर्यंत कळतं. आबा अजून म्हणतात, गाणं सरपंचबाईवरच होतं. बाईनं पार्टी बदललीसुद्धा, त्यामुळं त्यांना आता समजावण्यात अर्थ नाही.

पण ह्यांची पाठ असली आणि मशीन फळीवर असलं, की मी पूर्वीसारखं हळू बोलते. पहिल्यांदा नुसतं मन मोकळं करायला. नणंदेबद्दल, आबांबद्दल, ह्यांच्याबद्दलसुद्धा, समोर बोलता येत नाही असं बरंच. ऐकू येत नाही म्हटल्यावर जीभ सैल सुटते. मग तक्रारी संपल्या, आणि जी गोष्ट आमच्याकडच्या बायका जन्मात कधी तोंडानं बोलत नाहीत, तीच तेवढी उरली.

परवा ट्रॅक्टर सुरू झाले त्या दिवशी हे गिरणीच्या दगडाला टाकी लावत बसले होते. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं ठोके देऊन पुन्हा खरबरीत करावा लागतो, ते काम हे करतात. माझ्याकडं पाठ होती. मी पीठ चाळता चाळता, पूर्वीच्या आवाजात, म्हणाले, "तुम्ही मला लई आवडता."

हातोडी थांबली. मी चाळण धरून उभी राहिले. ह्यांनी मागं वळून बघितलं नाही. फुंकर मारून दगडावरची धूळ उडवली, आणि नुकतीच टाकी देऊन झालेल्या जागेवरच पुन्हा ठोके द्यायला लागले. मी आत जाऊन बघितलं. मशीन फळीवरच होतं. बाहेर आले, तरी हे अजून त्याच जागेवर, आणि ठोके एवढे हळू, की दगडाला कळणार नाहीत.

मला दाट संशय आहे.